रेडिओ ऐकणे आणि रेडिओ पाहणे

आमच्या आजोबांच्या घरी बैठकीच्या खोलीत, खिडकीशेजारच्या फळीवर, लाकडी पेटीचा एक रेडिओ होता. कळ फिरविल्यावर आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धापाऊण मिनिट तो मौन पाळी. मग काचेमागे पिवळा उजेड पडे आणि कोपऱ्यात एक हिरवा डोळा उघडे. केंद्र नेमके सापडले की त्या डोळ्यातली काळी फट मिटत असे. सुई केसभर इकडेतिकडे सरली की ती पुन्हा रुंदावे. अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीने १९३५ साली बाजारात आणलेली ही युक्ती पुढे जगभरच्या रेडिओंत शिरली. रेडिओ हे निव्वळ कानाचे यंत्र. त्यात डोळ्याला मिळालेली ही बहुधा पहिली जागा. आम्हा मुलांना कार्यक्रमापेक्षा त्या डोळ्याचेच कौतुक अधिक होते, हे कबूल केले पाहिजे.

आजोबांची एक आठवण होती आणि ती ते वरचेवर सांगत. १९४२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, पुण्यात विद्यार्थी असताना, एका मित्राच्या वाड्यातील माडीवर दारे लावून त्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ ऐकला होता. दर खेपेला या आठवणीचे रूप थोडे बदले. कधी त्यांना सबंध वाक्य ऐकू आलेले असे, कधी दोनच शब्द, तर कधी नुसता एका बाईचा आवाज. अखेरच्या दिवसांत मी खोदून विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अरे, खरखर फार होती. पण आवाज होता, एवढे नक्की.” इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला हा पुरावा अर्थातच पुरेसा वाटला नाही. नातू या नात्याने तो टाकवतही नाही.

त्या केंद्राची हकीकत आपणापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ‘भारत छोडो’चा ठराव होऊन नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले, आणि मुंबईतील काही तरुणांनी गुप्त ध्वनिक्षेपण केंद्र उभारले. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर हे त्यांचे सहकारी, ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवानी यांनी सामग्री पुरविली, राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन मिळाले. पत्ता लागू नये म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलत राहिले. ऑगस्टमध्ये सुरू झालेला हा उद्योग १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पोलिसांचा छापा पडेपर्यंत चालला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्यातून त्या १९४६ साली सुटल्या. हे केंद्र आपला ठावठिकाणा कधीच सांगत नसे, परंतु तरंगलांबी मात्र प्रत्येक वेळी सांगे: ४२.३४ मीटर.

लपून राहणाऱ्याला घर सांगता येत नाही. पण ऐकणाऱ्याने शोधायचे कुठे, हे सांगावेच लागते. आणि जे मित्राला सांगितले ते शत्रूलाही कळतेच.

४२.३४ मीटर म्हणजे आजच्या भाषेत सुमारे ७०८० किलोहर्ट्झ. आजोबा याला किलोसायकल म्हणत. माडीवरच्या त्या रेडिओच्या काचेवर ४२ आणि ४३ हे दोन आकडे एकमेकांना अगदी खेटून असणार. या दोहोंमध्ये सुमारे १६६ किलोहर्ट्झचे अंतर आहे. आजच्या हौशी बिनतारी चालकांची पन्नासएक संभाषणे तेवढ्या जागेत शेजारीशेजारी मावतील. म्हणजे ज्याला हे केंद्र धरायचे त्याला नखाएवढ्या जागेत, दर बैठकीला थोडाच वेळ चालणारा एक क्षीण आवाज, सुई हळूहळू सरकवीत हुडकावा लागे. सुई एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाला केंद्र बोलून गप्प झाले तर त्याला ते कधीच कळू नये. आजोबांची आठवण दर खेपेला का बदले, याचे एक कारण मला येथे दिसते.

सुईचा हा स्वभाव रेडिओच्या जन्मापासूनचा आहे. आकाशात एकाच वेळी असंख्य लहरी असतात; त्यांतून एक निवडून बाकीच्या नाकारणे हे ग्राहकयंत्राचे पहिले कर्तव्य. ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ साली आणि मार्कोनी यांनी १९०० साली या निवडीच्या युक्तीवर हक्क सांगितला. त्यातला खरा मान कोणाचा, याचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली मार्कोनींच्या विरुद्ध आणि लॉज यांना अनुकूल असा दिला. तोवर दोघेही हे जग सोडून गेले होते. सरकारी कामकाजातील विलंबाची आम्हाला सवय असते, तरी हा विलंब मलाही थोडा अधिक वाटतो. पुढे एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन सैनिकी अधिकाऱ्याने १९१८ साली पॅरिसमध्ये ‘सुपरहेटरोडाइन’ पद्धती बसविली. कोणतीही लहर आधी एका ठराविक मधल्या कंप्रतेवर आणायची आणि मग तिची निवड व वृद्धी करायची, हे तिचे सूत्र. आजोबांचा रेडिओ त्याच घराण्यातला, आणि नंतरचे ट्रान्झिस्टरही.

एक मात्र खरे की निवडणारी सुई हातात असणे हीदेखील एक सत्ता होती. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी १९५२ नंतर चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले, तेव्हा श्रोत्यांनी काही अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. सुई सिलोनवर नेली आणि दर बुधवारी ‘बिनाका गीतमाला’ ऐकली. १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू झाली, तिच्यामागे घरोघरच्या या सुयांचा रेटा होता. शास्त्रीय संगीताविषयी केसकरांची कळकळ खरी होती. ती आपली, सुईला पटली नाही.

आता ज्या यंत्रासाठी मी हा विषय घेतला त्याकडे वळतो. गेली काही वर्षे माझ्या टेबलावर अंगठ्याएवढी एक डबी आहे. एका बाजूने तिला गच्चीवरची तार जोडलेली, दुसऱ्या बाजूने ती संगणकात खोचलेली. या प्रकाराला ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ म्हणतात. ही संज्ञा जोसेफ मिटोला यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रूढ केली. जुना रेडिओ आधी निवडतो आणि मग ऐकवितो. हा रेडिओ आधी निवडतच नाही. आकाशाचा एक रुंद पट्टा तो जसाच्या तसा उचलतो, सेकंदाला सुमारे चोवीस लाख वेळा मोजून त्याचे आकडे करतो आणि ते संगणकाच्या हवाली करतो. निवड मागाहून, केवळ गणिताने होते. सुई आहे, पण ती आता आकड्यांच्या ढिगावरून फिरते.

हे गणित ज्या गृहस्थाच्या नावाने चालते तो आमच्याच व्यवसायातला होता, हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. जोझेफ फूरिये १८०२ पासून फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखा, होता. बूरग्वांच्या दलदलीचा निचरा करणे आणि ग्रनोब्लहून तूरिनकडे जाणाऱ्या रस्त्याची उभारणी या त्याच्या फायली. त्यांतून सवड काढून त्याने उष्णतेच्या वहनावर निबंध लिहिला आणि १८०७ साली पॅरिसच्या विद्वत्परिषदेपुढे ठेवला. कितीही वेडीवाकडी लहर घ्या, ती साध्या, नियमित लहरींची बेरीज असते आणि त्या घटक-लहरी वेगळ्या काढता येतात, असे त्याचे म्हणणे. लाग्रांजसारख्या थोर गणितज्ञाने आक्षेप घेतला. ग्रंथ छापून निघायला १८२२ साल उजाडले. आज माझ्या संगणकाच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे जो वर्णपट दिसतो, तो या जिल्हाधिकाऱ्याच्या पृथक्करणाचा निकाल आहे.

पृथक्करण करता येते हे कळणे एक, आणि ते सेकंदात अनेकदा करणे दुसरे. तो वेग १९६५ साली आला. जेम्स कूली आणि जॉन टूकी यांनी हिशेबाची अशी रीत प्रसिद्ध केली की जिथे कोट्यवधी गुणाकार लागत तिथे काही लाखांत काम भागू लागले. (गाउसने साधारण १८०५ साली हीच रीत लिहून ठेवली होती, ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि कोणाच्या ध्यानात आली नाही.) कूलीकडे हे काम आणले रिचर्ड गार्विन यांनी. सोव्हिएत संघ जमिनीखाली अणुस्फोट करील तर भूकंपमापकांच्या नोंदींतून तो ओळखता यावा, ही त्यांची निकड. कूलीला मात्र त्यांनी हेलियमच्या स्फटिकाचा प्रश्न आहे असे सांगितले. आधी दुसऱ्या महायुद्धातही शत्रूची केंद्रे हुडकण्यासाठी ग्राहकयंत्राला पडदा जोडून पट्ट्यातील सर्व लहरी एकदम दाखविणारी उपकरणे वापरात होती. या विद्येची वाढ अशी बहुतांशी लपणाऱ्याच्या मागावर असणाऱ्यांनी केली आहे. सामान्य माणसाच्या हाती ती आली ती मात्र अपघाताने. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम संगणकावर दाखविणाऱ्या एका स्वस्त डबीतील चिप आतले कच्चे आकडे बाहेर देऊ शकते, असे २०१२ च्या आरंभी अंट्टी पालोसारी यांच्या लक्षात आले, आणि जगभरचे हौशी लोक त्या डब्यांवर तुटून पडले.

पडद्याचे दोन भाग असतात. वरचा भाग आलेखाचा: जिथे केंद्र असेल तिथे शिखर, बाकी सारे खरखरीचे गवत. खालच्या भागाला ‘धबधबा’ म्हणतात. दर क्षणाच्या वर्णपटाची एकेक रंगीत ओळ वरून येते आणि आधीच्या ओळींना खाली ढकलते. त्यामुळे गेल्या मिनिटा-दोन मिनिटांचा इतिहास डोळ्यांसमोर राहतो आणि मग तळातून नाहीसा होतो. सवय झाली की रेघांवरून माणसे ओळखू येतात. साध्या ध्वनिक्षेपण केंद्राच्या मधोमध वाहक लहरीची एक अखंड रेघ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकमेकांची प्रतिबिंबे असावीत असे पंख फडफडतात. निवेदक श्वास घेण्यासाठी थांबला की पंख मिटतात, रेघ राहते. हौशी चालकांच्या बोलण्यात ही मधली रेघ नसते, एकाच बाजूचा पंख असतो. माणूस गप्प झाला की जागा पूर्ण रिकामी. मोर्स संदेश तुटक टाक्यांसारखे दिसतात. विजेचा लोळ कुठे चमकला की साऱ्या रुंदीभर एक आडवी ओळ उमटते.

मात्र हे चित्र आपोआप खरे नसते. ते बसवावे लागते. ही गोष्ट मला बरीच फजिती होऊन कळली. यंत्र आणल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डझनभर ठळक केंद्रे मोजली, त्यांच्या कंप्रता तारीखवार एका वहीत लिहिल्या आणि एका जाणत्या स्नेह्याला पत्राने कळविल्या. वहीत एक ‘अज्ञात वाहक लहर’ही होती; मी पट्टा बदलला तरी ती पडद्याच्या मधोमध हजर होई, आणि तीन रात्री मी तिचा पाठलाग केला. स्नेह्यांचे उत्तर एका ओळीचे आले: “प्रवर्धन दहा डेसिबेलने कमी करून पाहा.”

पाहिले. दोन-तीन शिखरे दहाच डेसिबेल उतरली. बाकीची तीस-तीस उतरून गवतात बुडाली. यंत्राच्या मोजणीला केवळ २५६ पायऱ्या. सर्वांत प्रबळ आणि सर्वांत क्षीण लहरीत सुमारे पन्नास डेसिबेलांहून अधिक अंतर त्याला पेलत नाही. आपण हावरेपणाने प्रवर्धन वाढविले की एखादे जवळचे बलाढ्य केंद्र त्याला गुदमरवते, आणि बलाढ्य केंद्रांच्या परस्पर मिश्रणातून नसलेल्या ठिकाणी सावल्या उभ्या राहतात. खरे केंद्र प्रवर्धनाबरोबर पायरीपायरीने उतरते. या सावल्या तिपटीने कोसळतात. मधोमधची ती गूढ लहर तर यंत्राचाच दोष होती. माझी वही म्हणजे आकाशाची नोंद नव्हती, माझ्या हव्यासाची होती. ती मी ठेवली आहे.

दुसरी कळ पृथक्करणाच्या बारकाईची. चोवीस लाख नमुन्यांच्या पट्ट्याचे ४०९६ भाग केले तर प्रत्येक भाग सुमारे ५८६ हर्ट्झचा होतो. दोन मोर्स-चालक जवळजवळ बसले असतील तर त्यांची एकच जाड रेघ दिसते. तेच ६५,५३६ भाग केले तर प्रत्येक सुमारे ३७ हर्ट्झचा. रेघा सुट्या होतात, आणि खरखरीचे गवत बारा डेसिबेल खाली गेल्यासारखे दिसते. वास्तविक आकाशात काहीच बदललेले नसते. तीच खरखर अधिक खणांत वाटली गेली, म्हणून प्रत्येक खणात कमी आली. गवतात दडलेली क्षीण वाहक लहर मात्र एकाच खणात असल्यामुळे आता मान वर काढते. मग सरळ दहा लाख भाग का करू नयेत? कारण तितके नमुने जमायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात कोण आधी बोलले, कोण नंतर, हे सारे एका ओळीत मिसळून जाते. कुठे, हे बारकाईने पाहावे तर केव्हा, हे पुसट होते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. ही कोणा कारखानदाराची उणीव नव्हे, गणिताचाच तसा नियम आहे.

तिसरी कळ रंगांची. कोणत्या पातळीखाली सारे काळे दाखवायचे आणि कोणत्या पातळीवर पांढरे, हे चालकाने ठरवायचे. तळ फार वर ठेवला तर चित्र मोठे नेटके दिसते, काळ्याभोर पार्श्वभूमीवर चार सोनेरी रेघा. आणि क्षीण केंद्रे त्या काळोखात गाडली जातात. मला नेटक्या चित्राची ओढ फार. अहवाल नेटका असावा म्हणून काय काय वगळले जाते, याचा अनुभव ज्यांनी कचेऱ्यांत दिवस काढले आहेत त्यांना मी सांगावा असे नाही. आता मी तळ असा ठेवतो की खरखरीचा निळसर शिंतोडा पडद्यावर सतत दिसत राहावा. चित्र कुरूप होते, पण काही लपत नाही.

एवढे शिकून झाल्यावर मी ७०८० किलोहर्ट्झवर गेलो. ही जागा आज हौशी चालकांच्या पट्ट्यात आहे. १९३९ साली युद्ध सुरू होताच सरकारने त्यांचे परवाने रद्द केले होते. माझ्या मनात एकच हिशेब होता: हे यंत्र १९४२ साली आजोबांच्या माडीवर असते तर? उत्तर सोपे आहे. पहिल्याच रात्री वाहक लहरीची रेघ दिसली असती, निवेदन सुरू होण्यापूर्वीच. शोधाशोध उरली नसती, आणि आठवणीत शंकाही. पण तेच यंत्र पोलिसांच्याही टेबलावर असते. केंद्राने रोज तरंगलांबी बदलली असती तरी धबधब्यावर नवी रेघ उमटताच कोणी हवालदार तिच्यावर बोट ठेवता. यंत्र कोणत्या घरात आहे हे ती रेघ सांगत नाही, त्यासाठी दिशा शोधणारी गाडी लागते. पण ऐकणाऱ्याचे सुख आणि पकडणाऱ्याचे सुख एकाच कळीने वाढले असते.

आणि रेघ दिसली असती म्हणून काय कळले असते? कोणी तरी बोलले, इतकेच. काँग्रेस रेडिओवर काय बोलले गेले ते आज आपल्याला वाचता येते, याचे मोठे श्रेय त्याला पकडू पाहणाऱ्यांना आहे. पोलिसांची माणसे ते कार्यक्रम ऐकत आणि लिहून घेत. खटल्यासाठी जमविलेली ती टिपणे दप्तरात राहिली, आणि चिमूर, आष्टीच्या अत्याचारांविषयी त्या केंद्राने काय सांगितले हे पुढच्या पिढ्यांना तिथून मिळाले. ज्यांनी ते प्रेमाने ऐकले त्यांच्यापाशी, आमच्या आजोबांसारखे, दोन शब्द आणि खरखर उरली. त्यांनी लिहून ठेवणे शक्यच नव्हते. तसा कागद घरात सापडणे हाच पुरावा झाला असता.

निवड मागाहून होते, याचा एक परिणाम माझ्या उशिरा ध्यानात आला. यंत्राचे कच्चे आकडे साठवून ठेवता येतात. तासाला सुमारे सतरा गिगाबाइट जागा लागते, पण त्यात त्या तासातील एक केंद्र नव्हे, पट्ट्यातील सगळी केंद्रे असतात: ऐकलेली, न ऐकलेली, ज्यांच्याकडे लक्षही गेले नाही ती. वर्षानंतर ती साठवण काढून, त्याच संध्याकाळवरून पुन्हा सुई फिरवता येते. लघुलहरींवरची जुनी केंद्रे एकामागून एक मिटत असताना हे निकडीचे वाटते. रेडिओ ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या जानेवारीअखेर लघुलहरी सोडल्या, बी.बी.सी.ची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी त्यांवरून उतरली. तेव्हापासून महिन्यातून एखादी संध्याकाळ मी साठवून ठेवतो. घरच्यांचे म्हणणे असे की ज्या गोष्टी मी पूर्वी रद्दीत ठेवी त्या आता डिस्कवर ठेवतो, आणि त्यात तथ्य आहे.

गेल्या पावसाळ्यातली एक साठवण परवा उघडली. त्या संध्याकाळी मी दोन तास पडद्यापुढे होतो. रंग लावीत होतो, बारकाई बदलीत होतो, आवाजाची कळ अगदी खाली होती. धबधब्यावर ७०८० च्या जरा खाली एकाच बाजूचा एक फिकट पंख दिसत होता आणि तो मी पाहिलाही होता, कारण त्याच्याच आधारे तळाची पातळी बसविली होती. आता तिथे सुई नेली आणि आवाज वाढविला. दोन वयस्क गृहस्थ मराठीत बोलत होते. एकाची तार वादळात आंब्याच्या फांदीसह खाली आली होती आणि ती पुन्हा वर चढविण्यासाठी नातू सुट्टीत येण्याची तो वाट पाहत होता; दुसरा त्याला तोवर व्हरांड्यातच तार कशी ताणावी ते सांगत होता. मध्ये विजा होत होत्या आणि प्रत्येक कडाक्यासरशी शब्द तुटत होते. “खरखर फार आहे,” पहिला म्हणाला, “पण आवाज येतोय तुमचा.”